चौथा विषय कुणाच्या भरवशावर?

मा. ब्रिजेट फिलिपसन,
शिक्षणमंत्री, ब्रिटन सरकार, यांस



ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या एका गुरुवारी इंग्लंडमधल्या १६ वर्षांच्या मुलांच्या हातात जीसीएसईचा निकाल पडतो आणि त्यातली पुष्कळ मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सिक्स्थ फॉर्मच्या प्रवेशासाठी रांगेत उभी राहतात. हातातल्या कागदावर विषयांचे ब्लॉक छापलेले असतात. तीन विषय बहुधा आधीच ठरलेले असतात, अडतं ते चौथ्यापाशी. घ्यायचा का? कोणता? झेपला नाही तर काय? आणि घेतलाच नाही तर विद्यापीठ काय म्हणेल? याची नेमकी उत्तरं समोर बसलेल्या शिक्षकांकडेही अनेकदा नसतात. ती ठरतात आपल्या खात्याच्या निधीच्या सूत्रात आणि विद्यापीठांच्या प्रवेश-कार्यालयांत. म्हणून हे खुलं पत्र शाळांच्या नावे न लिहिता आपल्या नावे लिहिलं आहे.

मराठीत लिहिण्याचं कारण साधं आहे. हॅरो, स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स इथल्या कितीतरी घरांत हा निर्णय मराठीत बोलूनच होतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, म्हणजे इंग्लंडमध्ये मराठी माणूस नवा नाही. पण गेल्या दोन-अडीच दशकांत आयटीच्या आणि एनएचएसच्या नोकऱ्यांमुळे आलेल्या कुटुंबांतली मुलं आता इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षात, पोचत आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांनी स्वतः ए-लेव्हल केलेलं नाही. त्यांच्या डोक्यातला हिशेब बारावीचा आहे.

तो हिशेब आपण समजून घ्यावा. महाराष्ट्रात बारावीच्या विज्ञान शाखेला भाषा धरून सहा विषय आणि ६०० गुण असतात. त्यातल्या भौतिकशास्त्र-रसायनशास्त्राबरोबर कुणी गणित घेतं, कुणी जीवशास्त्र, आणि ज्याचं ठरत नाही तो दोन्ही घेतो. त्याला ‘पीसीएमबी’ म्हणतात. इंजिनिअरिंगचं दार उघडं राहतं, मेडिकलचंही राहतं. एमएचटी-सीईटीतसुद्धा पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत आणि दोन्ही गटांना बसता येतं. घरातली मोठी माणसं सांगतात, “घेऊन ठेव, नंतर सोडता येईल.” महाराष्ट्रात हा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर ठरतो, कारण तिथे प्रवेश मुख्यतः जेईई, नीट किंवा सीईटीच्या गुणांवर होतो. बारावीचा जादा विषय ही पात्रतेची अट असते. त्यात थोडे गुण कमी पडले म्हणून प्रवेशाचं गणित सहसा कोलमडत नाही.

इंग्लंडमध्ये मात्र ए-लेव्हलचा ग्रेड हाच प्रवेश आहे. विद्यापीठ ‘ए-स्टार, ए, ए’ किंवा ‘ए, ए, बी’ अशी ऑफर देतं आणि ती बहुतेक वेळा तीनच विषयांवर असते. वैद्यकशास्त्र आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. तोवर मुलाच्या हाती एकाही ए-लेव्हलचा निकाल नसतो. असतात ते शिक्षकांनी इयर ट्वेल्व्हच्या कामगिरीवरून बांधलेले अंदाज, म्हणजे प्रेडिक्टेड ग्रेड. चौथ्या विषयाने त्या पहिल्या वर्षात आठवड्याचे चार-पाच तास वर्गात आणि जवळपास तेवढेच घरी खाल्ले, आणि त्यापायी रसायनशास्त्राचा अंदाज ‘ए’वरून ‘बी’वर आला, तर वैद्यकशास्त्राचा अर्ज तिथेच अडतो. दार उघडं ठेवण्यासाठी घेतलेला विषय असा दुसरंच दार लावून घेतो. मराठी पालकांना हा फरक कुणी समजावून सांगत नाही, आणि तो समजावण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

मुलांनी किती विषय शिकावेत हा इंग्लंडमधला वाद मात्र आजचा नाही. १९१८ मध्ये सुरू झालेल्या हायर स्कूल सर्टिफिकेटमध्ये विषयांचा गट उत्तीर्ण व्हावा लागे. १९५१ मध्ये ए-लेव्हल आलं आणि गटाची अट गेली, विषय सुटे झाले. १९५९ च्या क्राउदर अहवालाने थोडे विषय खोलवर शिकण्याची बाजू उचलून धरली, आणि तीन ए-लेव्हल हीच इंग्लंडची ओळख बनली. १९८८ मध्ये हिगिन्सन समितीने सुचवलं की विषय पाच असावेत, प्रत्येकाचा पसारा आटोपशीर असावा. थॅचर सरकारने तो अहवाल बाजूला ठेवला. २००४ मध्ये माइक टॉमलिन्सन यांच्या समितीने ए-लेव्हल आणि जीसीएसई दोन्हींना सामावणारी पदविका सुचवली. पुढच्याच वर्षी लेबर सरकारने तीही नाकारली. ऋषी सुनक यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड ब्रिटिश स्टँडर्ड’ जाहीर केलं, ज्यात साधारण पाच विषय आणि १८ वर्षांपर्यंत सगळ्यांना गणित व इंग्रजी होतं. आपल्या सरकारने जुलै २०२४ मध्ये ते गुंडाळलं. त्या योजनेला लागणारे शिक्षक आणि पैसा कुठून येणार हे तिच्या कर्त्यांनी पटेल असं सांगितलं नव्हतं, तेव्हा तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण त्या जागी दुसरं काही आलं नाही.

या सगळ्या काळात एकदाच चौथ्या विषयाला हक्काची जागा मिळाली होती. सप्टेंबर २००० मध्ये ‘करिक्युलम २०००’ लागू झालं आणि ए-लेव्हलचे दोन भाग झाले. इयर ट्वेल्व्हमध्ये चार विषयांचं एएस करायचं, वर्षाअखेर परीक्षा द्यायची, मग पुढच्या वर्षी त्यातले तीन पूर्ण करायचे, अशी रीत पडली. चौथा विषय सोडला तरी त्याचं एएस प्रमाणपत्र हातात राही. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र घेणारी मुलगी वर्षभर इतिहास किंवा फ्रेंच शिके. हे विषय तिने नंतर सोडले तरी त्या वर्षाची नोंद राहत असे. परीक्षा फार झाल्या, पुनःपरीक्षांचा बाजार झाला, ही त्या व्यवस्थेवरची टीकाही खरी होती. मायकल गोव्ह यांच्या सुधारणांनी सप्टेंबर २०१५ पासून इंग्लंडमध्ये एएस वेगळं काढलं. त्याचे गुण ए-लेव्हलमध्ये धरायचे थांबले. सगळी परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी घ्यायची ठरलं. केंब्रिज विद्यापीठाने याला उघड विरोध केला होता, कारण त्यांच्या अनुभवानुसार एएसचे गुण विद्यार्थ्याच्या पुढच्या कामगिरीचा उत्तम अंदाज देत. तो विरोध चालला नाही. वेल्स आणि उत्तर आयर्लंडने जुनी पद्धत ठेवली आणि तिथे एएसचा वाटा आजही ४० टक्के आहे. इंग्लंडमध्ये मात्र लाखांनी होणाऱ्या एएस-परीक्षा काही वर्षांतच हजारांवर आल्या.

परिणाम असा की आज इंग्लंडमधल्या मुलाने चौथा विषय घेतला आणि फेब्रुवारीत सोडला, तर त्या सहा महिन्यांचं कागदावर काहीच उरत नाही. एएसला बसता येतं, कायद्याने बंदी नाही, पण परीक्षेची फी आणि शिकवण्याचा खर्च शाळेने का करावा, याला उत्तर नाही. म्हणून बहुतेक शाळांनी ते बंद केलं. ‘घेऊन बघ, नाही जमलं तर सोड’ हा सल्ला २०१५ पूर्वी शहाणपणाचा होता. आज तो तितकासा सुरक्षित राहिलेला नाही, तरी अनेक शाळांच्या माहितीपत्रकांत तो तसाच छापलेला दिसतो.

आता पैशाकडे येऊ, कारण गाठ तिथे आहे. २०११ च्या वुल्फ अहवालानंतर, २०१३-१४ पासून, १६ ते १९ वयोगटासाठी इंग्लंडमध्ये निधी विषयांच्या संख्येवर न देता विद्यार्थ्यामागे ठोक दिला जातो. हा दर सात वर्षं ४,००० पौंडांवर गोठला होता. महागाई वाढत होती, दर तिथेच होता. नंतर तो वाढत गेला आणि २०२५-२६ मध्ये ५,१०५ पौंडांवर आला. पूर्ण दर मिळवायला शाळेने वर्षाला किमान ५८० तासांचा कार्यक्रम द्यायचा असतो, म्हणजे दोन वर्षांत १,१६० तास. एका ए-लेव्हलसाठी ३६० तासांचं मार्गदर्शन धरलेलं आहे. तीन विषयांचे झाले १,०८०. उरलेल्या ८० तासांत ट्युटोरियल, करिअर-मार्गदर्शन, खेळ सगळं बसवायचं. चौथा विषय धरला तर बेरीज १,४४० वर जाते, आणि ठोक दर मात्र तोच. म्हणजे निधीचं सूत्रच तीन विषयांच्या मापाने बेतलेलं आहे.

मोठ्या अभ्यासक्रमासाठी वाढीव निधीची तरतूद आहे, हे आपलं खातं सांगेल. आहेच. पण चार ए-लेव्हल घेणाऱ्यांसाठीची ती १० टक्के वाढ विद्यार्थी साधारणपणे ‘बी’ किंवा वरचे ग्रेड मिळवून उत्तीर्ण झाले तर, आणि तीही आधीच्या वर्षांच्या आकडेवारीवरून मिळते. ज्या शाळेत आधीपासून हुशार आणि सधन घरांतली मुलं चार-चार विषय करत आहेत, तिथे पैसा आपोआप येतो. ज्या शाळेला पहिल्यांदाच पाच मुलांसाठी चौथ्या विषयाचा वर्ग काढायचा आहे, तिला आधी स्वतःच्या खिशातून खर्च करून मग निकालाची वाट पाहावी लागते. खेड्यातल्या किंवा किनाऱ्याकडच्या छोट्या सिक्स्थ फॉर्मला हे परवडत नाही. आपला मतदारसंघ संडरलंडचा आहे. तिथल्या आणि केंब्रिजमधल्या सिक्स्थ फॉर्मच्या विषय-याद्या आपण शेजारी ठेवून पाहाव्यात.

हे सगळं सर्वांत जास्त बोचतं ते फर्दर मॅथ्सच्या बाबतीत. चौथा विषय म्हणून घेतल्या जाणाऱ्या विषयांत हा वेगळा आहे. ए-लेव्हल गणिताला दरवर्षी एक लाखाहून अधिक विद्यार्थी बसतात, ते आज सर्वाधिक घेतलं जाणारं ए-लेव्हल आहे. फर्दर मॅथ्सला बसणारे जेमतेम १८ हजारांच्या आसपास असतात, आणि त्यात मुली एक तृतीयांशाहून कमी. अभ्यासक्रमाचा निम्मा भाग सगळ्यांना सारखा आहे आणि त्यात संमिश्र संख्या, मॅट्रिक्स, ध्रुवीय निर्देशक, हायपरबोलिक फलनं, विकलक समीकरणं येतात. उरलेल्यात यांत्रिकी, संख्याशास्त्र किंवा डिसिजन मॅथ्स निवडता येतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जे लागतं त्यातलं पुष्कळ इथेच भेटतं.

शिवाय हा विषय बाकीच्या तिन्हींशी भांडत नाही. गणिताच्याच सरावावर तो उभा असतो, आणि फर्दर मॅथ्स करणाऱ्या मुलाला साधं ए-लेव्हल गणित सोपं वाटू लागतं असा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. काही शाळा पूर्ण गणित इयर ट्वेल्व्हमध्येच संपवतात आणि फर्दर मॅथ्स इयर थर्टीनला शिकवतात, काही दोन्ही समांतर चालवतात. पालकांनी प्रवेशाआधी हे विचारायलाच हवं. पहिल्या पद्धतीत मूल वर्षभरात आपली ताकद ओळखतं आणि गणिताचा विषय हातचा न घालवता थांबू शकतं. समांतर पद्धतीत दोन्हींचा ताण पहिल्या महिन्यापासून असतो.

केंब्रिजला गणितासाठी जायचं तर फर्दर मॅथ्स लागतं, आणि त्यावर स्टेप परीक्षेच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात. लंडनचं इम्पीरियल कॉलेजही गणितासाठी फर्दर मॅथ्स मागतं. मराठी वाचकाला केंब्रिजच्या गणिताचं नातं वेगळं सांगायला नको. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर साठ वर्षांनी कोल्हापूरचे जयंत नारळीकर त्याच विद्यापीठात रँग्लर झाले. परांजपे फर्ग्युसन कॉलेजातून, सरकारी शिष्यवृत्तीवर तिथे पोचले होते. आज इंग्लंडच्याच एखाद्या लहान गावातली, तेवढ्याच बुद्धीची मुलगी केवळ तिच्या शाळेत फर्दर मॅथ्सचा वर्ग नाही म्हणून अर्जच करत नसेल, तर तो दोष तिचा किंवा तिच्या शिक्षिकेचा कसा म्हणता येईल?

यावर उपाय माहीत नाही असंही नाही. २००५ मध्ये फर्दर मॅथेमॅटिक्स नेटवर्क उभं राहिलं तेव्हा त्याचं उद्दिष्टच हे होतं की शाळेत वर्ग नसला तरी कुणाही मुलाला हा विषय शिकता यावा. त्यातून पुढे फर्दर मॅथेमॅटिक्स सपोर्ट प्रोग्रॅम आला आणि २०१८ पासून ॲडव्हान्स्ड मॅथेमॅटिक्स सपोर्ट प्रोग्रॅम. २०१७ च्या अर्थसंकल्पात गणित घेणाऱ्या प्रत्येक वाढीव विद्यार्थ्यामागे शाळेला ६०० पौंड देण्याचं जाहीर झालं. २०१४ मध्ये लंडनला किंग्ज कॉलेजशी जोडलेलं आणि एक्सेटरला अशी दोन गणित-विशेष सिक्स्थ फॉर्म सुरू झाली, जिथे सगळेच विद्यार्थी गणित आणि फर्दर मॅथ्स दोन्ही करतात. नंतर लिव्हरपूल, लँकेस्टर, केंब्रिज अशी आणखी आली. ही कामं चांगली आहेत. पण एक्सेटरच्या शाळेने कम्ब्रियातल्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. त्याला त्याच्याच शाळेत, संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गात का होईना, हा विषय शिकायला मिळण्याचा हक्क हवा आणि त्याचा पैसा थेट खात्याकडून यायला हवा.

ऑक्सफर्डने आपल्या गणित विभागाच्या अटी ज्या रीतीने लिहिल्या आहेत ती इथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फर्दर मॅथ्स घेतलं असेल तर ऑफर काय, आणि ज्याच्या शाळेत ते मिळतच नाही त्याला ऑफर काय, हे त्यांनी वेगवेगळं, स्पष्ट मांडलं आहे. म्हणजे असं लिहिता येतं. बाकीच्यांनी का लिहू नये?

त्यांनी लिहायलाच हवं, कारण बाकीच्या बहुसंख्य अभ्यासक्रमांसाठी खरं उत्तर हेच आहे की चौथ्या विषयाची गरज नाही. वैद्यकशास्त्राला रसायनशास्त्र आणि बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र लागतं, ऑफर तीन विषयांवर येते, आणि उरलेला फरक युकॅट ही प्रवेश-परीक्षा आणि मुलाखत यांत पडतो. काही मेडिकल स्कूल तर गणित आणि फर्दर मॅथ्स दोन्ही घेतले तरी त्यातला एकच विषय धरतात. ज्या घरात मुलगा चार विज्ञान विषय घेऊन रात्री एकपर्यंत जागतो आहे, त्या घरातल्या आईवडिलांना हे सप्टेंबरमध्येच कळायला हवं. कायदा, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र यांनाही तीन पुरतात, फक्त अर्थशास्त्राच्या काही विभागांत गणिताची तयारी बारकाईने पाहतात. विद्यापीठ-अर्ज हाताळणाऱ्या युकासच्या टॅरिफमध्ये, म्हणजे ग्रेडचे गुण ठरवणाऱ्या कोष्टकात, चौथ्या विषयाचे गुण मिळतात हे खरं, ए-स्टारला ५६, ए-ला ४८, असं ते कोष्टक आहे. पण ज्या विद्यापीठांच्या भीतीने मुलं चौथा विषय घेतात, त्यातली बहुतेक टॅरिफचे गुण न पाहता ग्रेडवर ऑफर देतात.

जनरल स्टडीजचं उदाहरण फार जुनं नाही. अनेक शाळांत तो चौथा विषय म्हणून सगळ्यांकडून करून घेतला जाई, आणि कितीतरी विद्यापीठं तो ऑफरमध्ये धरत नसत. एका पिढीने तास खर्च केले, शाळांच्या यशाच्या तक्त्यात आकडे वाढले, मुलांच्या हाती काही लागलं नाही. २०१५ नंतरच्या सुधारणांत तो विषय गेला, ते बरंच झालं.

मग अभ्यासाबाहेरची हौस, कुतूहल, रुंदी यांचं काय? पत्रलेखकाला ही रुंदी प्रिय आहे, आणि ती ग्रेडपायी मारली जाऊ नये असं मनापासून वाटतं. स्कॉटलंडमधली मुलं १७ व्या वर्षापर्यंत साधारण पाच हायर करतात. आयर्लंडच्या लीव्हिंग सर्टिफिकेटमध्ये बहुतेक जण सात विषय घेतात, उत्तम सहांचे गुण धरले जातात, आणि वरच्या पातळीचं गणित उत्तीर्ण होणाऱ्याला २५ गुण जास्त मिळतात. तिथे जादा कष्टाचं मोल छापील नियमात आहे. इंग्लंडमध्ये त्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन. विद्यार्थी स्वतः विषय निवडतो, सुमारे ५,००० शब्दांचा निबंध लिहितो किंवा काही वस्तू घडवून त्यावर टिपण लिहितो आणि शेवटी सादरीकरण करतो. त्याचं वजन अर्ध्या ए-लेव्हलएवढं, म्हणजे जास्तीत जास्त २८ टॅरिफ गुण. साउदॅम्प्टनसारखी काही विद्यापीठं त्याच्या बदल्यात ऑफरचा एक ग्रेड खाली आणतात. भौतिकशास्त्र करणाऱ्या ज्या मुलीला इतिहासही आवडतो, तिला चौथं ए-लेव्हल घ्यायला लावण्यापेक्षा हा मार्ग दाखवावा. ती बारकाईने वाचेल, संदर्भ तपासेल, आणि तिचे तीन ग्रेडही सुरक्षित राहतील.

चौथ्या विषयाची आणखी एक जात आहे, घरच्या भाषेची. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू या भाषांत इंग्लंडमध्ये ए-लेव्हल देता येतं. २०१५ मध्ये परीक्षा मंडळांनी यातल्या बऱ्याच भाषा बंद करायचं ठरवलं होतं. शिक्षक आणि समाजसंस्था एकवटल्या, सरकारने मध्यस्थी केली आणि २०१६ मध्ये त्या भाषा वाचल्या. लेस्टरमधला गुजराती मुलगा शनिवारच्या शाळेत शिकलेल्या भाषेचं आज ए-लेव्हल करू शकतो, ते त्या हालचालीमुळे. मराठीला इंग्लंडच्या शाळांत असं जीसीएसईही नाही, ए-लेव्हलही नाही. संख्या लहान आहे, मंडळांना ते परवडणार नाही, हे मान्य. पण शनिवारी-रविवारी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक करावं. वर सांगितलेल्या एक्स्टेंडेड प्रोजेक्टसाठी मराठीतला विषय घ्यायला मुलांना सांगावं. लंडनमधल्या मराठी नाटकांचा इतिहास किंवा रँग्लर परांजप्यांचं केंब्रिज हे त्या निबंधाचे विषय होऊ शकतात, आणि मराठी वाचता येणाऱ्या मुलाला तिथे असे स्रोत मिळतील जे वर्गातल्या दुसऱ्या कुणाला मिळणार नाहीत.

पालकांना सांगायचं ते सांगून झालं. गणित, भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्या मुलाने फर्दर मॅथ्स जरूर घ्यावं, शाळेत नसेल तर मागावं. बाकीच्यांनी तीन विषय नीट करावेत. चौथा घ्यायचा असेल तर तो मुलाला स्वतःला हवा म्हणून घ्यावा, आणि ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर तिन्ही विषयांच्या शिक्षकांना विचारावं की त्याचा परिणाम कुठे दिसतो आहे का. दिसत असेल तर तेव्हाच सोडावा, ख्रिसमसपर्यंत ओढू नये.

उरलं ते आपल्याकडे मागायचं. फर्दर मॅथ्सचा वर्ग नसलेल्या प्रत्येक शाळेतल्या, ए-लेव्हल गणित घेणाऱ्या मुलाला तो विषय ऑनलाइन किंवा शेजारच्या कॉलेजात शिकण्याचा हक्क द्यावा आणि त्याचा खर्च ठोक दराबाहेर धरावा. चार विषयांसाठीची वाढ आधीच्या निकालांवरून न देता, ज्या शाळा नव्याने वर्ग काढतात त्यांना पहिल्या वर्षापासून द्यावी. एएसचं प्रमाणपत्र चौथ्या विषयासाठी पुन्हा परवडेल अशी तजवीज करावी. वेल्सने ते टिकवलं आहे, तेव्हा अशक्य काही नाही. आणि विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या ऑफिस फॉर स्टुडंट्समार्फत प्रत्येक विद्यापीठाला सांगावं की प्रत्येक अभ्यासक्रमाच्या प्रवेश-अटींखाली चौथ्या ए-लेव्हलचा विचार होतो की नाही, हे एका ओळीत लिहावं. या शेवटच्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. ती याच शैक्षणिक वर्षात करावी, ही आग्रहाची विनंती.